लष्करी पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या सल्लागार मंडळावर नाव आलंय? पहिल्या बैठकीआधी एवढं करा

पत्र साधारण एकाच साच्याचं असतं. आमच्या संस्थेच्या अभ्यास मंडळावर बाह्य तज्ज्ञ म्हणून तीन वर्षांसाठी आपली नियुक्ती करण्यात येत आहे, कृपया संमती कळवावी. खाली ब्रिगेडियर किंवा कमोडोर हुद्द्याच्या अधिकाऱ्याची सही. मला असं पहिलं पत्र आलं तेव्हा मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत होते. घरात फौजेशी कुणाचाच संबंध नव्हता. अभिमान वाटला, संमती कळवली आणि बैठकीला गेले. तीन तास बसले, समोर ठेवलेला अभ्यासक्रम चाळला, छान आहे म्हणाले आणि सही करून परत आले. त्या दिवशी मी एकही प्रश्न विचारला नाही, याची रुखरुख अजून आहे. कारण त्या अभ्यासक्रमावर पुढची दोन वर्षं माझ्याही सहीनं शिक्कामोर्तब झालं होतं.

त्यानंतर तीन वेगवेगळ्या संस्थांच्या मंडळांवर मी काम केलं. गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या दोघांना अशी पत्रं आली आणि दोघांनी फोन करून विचारलं, तिथे नेमकं करायचं काय? त्यांना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

पुण्यातल्या प्राध्यापकांकडे अशी पत्रं येतात यात नवल नाही. १९४८ पासून सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपलं एएफएमसी, इथे आहे. दापोडीला सीएमई आहे, सैन्याच्या अभियंत्यांची संस्था. त्याच सीएमईच्या आवारात १९५२ मध्ये शस्त्रास्त्र अभ्यासाची एक छोटी संस्था सुरू झाली. पुढे ती गिरिनगरला गेली, २००० मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि आज आपण तिला डायट, म्हणजे डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी, म्हणून ओळखतो. पदव्युत्तर शिक्षण आलं की अभ्यास मंडळ आलं, आणि मंडळ आलं की बाहेरचा तज्ज्ञ लागतोच.

पदवी कोण देतं, ते आधी शोधा

हे तुम्हाला कुणी आपणहून सांगत नाही, आणि याच्यावर पुढचं सगळं ठरतं. लष्करी संस्था शिकवते, पण पदवी बहुतेक वेळा नागरी विद्यापीठाची असते. वेलिंग्टनच्या डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या अधिकाऱ्याला मद्रास विद्यापीठाची एमएस्सी मिळते. सिकंदराबादच्या कॉलेज ऑफ डिफेन्स मॅनेजमेंटचं नातं उस्मानिया विद्यापीठाशी आहे. एएफएमसी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. डायटसारखी संस्था स्वतःच पदवी देते.

म्हणजे बऱ्याच अभ्यासक्रमांना दोन धनी असतात. सैन्यदलाला अधिकारी पुढच्या नेमणुकीसाठी तयार हवा असतो. विद्यापीठाला श्रेयांक, प्रबंध आणि परीक्षक हवे असतात. दोघांचं म्हणणं रास्त आहे, आणि त्या दोघांचा सांधा जिथे जुळतो तिथे तुमची खुर्ची आहे. सांधा निखळला की काय होतं याचं एक उदाहरण देते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनं एमफिल बंद केली. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमांना वर्षानुवर्षं तीच पदवी जोडलेली होती. नियम दिल्लीत बदलला आणि वर्गातल्या कर्नल साहेबांच्या प्रबंधाचं पुढे काय, हा प्रश्न एकेका संस्थेच्या टेबलावर येऊन पडला. असा बदल येतोय हे ज्याला आधी दिसतं, तो मंडळावरचा विद्यापीठातला माणूस असतो.

म्हणून पत्राच्या उत्तरातच तीन गोष्टी मागा: विद्यापीठाशी झालेला करार, मंडळाची घटना आणि मंडळाचे अधिकार. अभ्यास मंडळ आणि सल्लागार मंडळ यांत मोठा फरक आहे. अभ्यास मंडळाचा निर्णय विद्यापरिषदेकडे जातो आणि त्याला वैधानिक वजन असतं. सल्लागार मंडळ फक्त शिफारस करतं, ती मानायची की नाही हे संस्थाप्रमुखानं ठरवायचं. दोन्ही कामं चांगली आहेत, पण शिफारस करायची आहे की मंजुरी द्यायची आहे हे माहीत नसेल तर बैठकीत भलत्याच मुद्द्यावर वेळ जातो.

विषयपत्रिका येण्याआधी प्रबंध मागा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा. अभ्यासक्रमाचा कागद नेहमीच देखणा असतो. त्यावर काय लिहिलंय ते वाचून शिक्षण कसं चाललंय हे कळत नाही. ते कळतं विद्यार्थ्यानं शेवटी जे लिहिलं त्यातून.

दुसऱ्या संस्थेत गेले तेव्हा मी आधीच कळवलं की मागच्या तुकडीचे बारा लघुप्रबंध वाचायचे आहेत, गोपनीय नसलेले, आणि निवडताना चांगले-वाईट बघू नका, हजेरीपटावरचा दर पाचवा द्या. बैठकीच्या आदल्या दिवशी ग्रंथालयात एक टेबल मिळालं. मोबाइल गेटवर जमा होता, कागद बाहेर न्यायला परवानगी नव्हती, म्हणून वहीत नोंदी करत दिवसभर वाचत बसले.

बारापैकी नऊ प्रबंधांत पाहणीची प्रश्नावली होती. नऊच्या नऊ प्रश्नावल्या त्याच तुकडीतल्या सहाध्यायींनी भरलेल्या. विषय कोणताही असो, जवानांची निवृत्तीनंतरची घडी असो की दुर्गम भागातला रसदपुरवठा, उत्तरं देणारे तेच चाळीस-पन्नास अधिकारी. सोयीचे होते, शेजारच्या खोलीत राहत होते, संध्याकाळी फॉर्म भरून देत होते. मग टक्केवारी काढायची, रंगीत वर्तुळं काढायची आणि निष्कर्ष सबंध सैन्यदलाला लावायचा. ज्या माणसांनी दहा-बारा वर्षं सीमेवर, जहाजावर, कारखान्यात काढली, त्यांच्या हाती असलेल्या अनुभवाचा त्यात मागमूस नव्हता. मला फार वाईट वाटलं. दोष त्या अधिकाऱ्यांचा नव्हता. संशोधन पद्धतीचा विषय त्यांना अभ्यासक्रमाच्या सहाव्या महिन्यात शिकवला जात होता आणि प्रबंधाचा विषय दुसऱ्या महिन्यात मागितला जात होता.

दुपारी एक मेजर तिथेच समोर येऊन बसले. वाहनांच्या देखभालीवर लिहीत होते. मी विचारलं, तुमच्याकडे प्रत्यक्ष आकडे आहेत का? ते म्हणाले, "मॅडम, मी स्वतः वर्कशॉपमध्ये तीन वर्षं नोंदवही ठेवली आहे. कोणत्या उंचीवर क्लच प्लेट किती दिवसांनी गेली, सगळं तारखेसकट आहे. पण ते वापरायला परवानगी लागते. मी अर्ज केला त्याला चार महिने झाले. कोर्स संपायला अडीच राहिले. सरांनी सांगितलं, प्रश्नावली घे आणि मोकळा हो." त्यांनी वहीत हातानं काढलेला एक आलेख दाखवला, आकड्यांशिवाय, फक्त वळण. त्या एका पेन्सिलच्या रेघेत बारा प्रबंधांपेक्षा जास्त काही होतं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी अभ्यासक्रमावर बोललेच नाही. दोनच ठराव मांडले. संशोधन पद्धतीचे तास पहिल्या चार आठवड्यांत घ्यावेत. आणि माहिती वापरण्याच्या परवानगीचे अर्ज संस्थेनं पहिल्या तीन आठवड्यांत एकत्र करून स्वतः पुढे पाठवावेत, विद्यार्थ्यावर सोडू नयेत. खर्च शून्य. मंडळावरचे निवृत्त मेजर जनरल साहेब लगेच म्हणाले, हे आम्हालाच कळायला हवं होतं. मंजूर झालं.

प्रबंध वाचताना काय बघायचं? प्रश्न खरा आहे का, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला तर नाही ना. पुरावा कुठून आला. विरुद्ध मत मांडलंय का, आणि मांडून मग खोडलंय की नुसतं टाळलंय. शेवटच्या शिफारशी आधीच्या प्रकरणांतून निघतात की आधीपासून ठरलेल्या होत्या. संदर्भसूचीतल्या सगळ्यात नव्या नोंदीची तारीखही बघा, ग्रंथालयाची तब्येत तिथे कळते. विषय लष्करी असला तरी हे तपासायला फौजेचं ज्ञान लागत नाही. आपण आपल्या एमएस्सीच्या पोरांचं वाचतो तसंच वाचायचं.

गोपनीयतेचा प्रश्न इथे हमखास येतो. जो प्रबंध गोपनीय म्हणून कपाटात जातो, तो बाहेरच्या परीक्षकाला वाचता येत नाही, आणि मग विद्यापीठाची पदवी नेमकी कशाच्या आधारे दिली हा प्रश्न उरतो. त्यावर माझा आग्रह एवढाच असतो: विषय मंजूर करतानाच ठरवा की हा खुल्या साधनांवर होणार आहे की नाही. शेवटी शिक्का मारून परीक्षकाचं तोंड बंद करणं विद्यार्थ्याच्याही हिताचं नाही, त्याचं काम कुणीच वाचत नाही.

विद्यार्थी-अधिकाऱ्यांना एकटं भेटा

बैठकीला बोलावलेले दोन हुशार प्रतिनिधी बोलतील ते ऐका, पण त्यावर थांबू नका. चहाच्या वेळी, डीएस म्हणजे डायरेक्टिंग स्टाफ, शिकवणारे अधिकारी, जवळ नसताना, अर्धा तास मागून घ्या. पस्तिशीचा माणूस, दहा-पंधरा वर्षांची नोकरी, बायको-मुलं क्वार्टरमध्ये, पुढच्या बढतीचा काही भाग या कोर्सच्या श्रेणीवर. वरिष्ठांसमोर तो अभ्यासक्रमाला नावं ठेवणार नाही, ठेवूही नयेत अशी त्याची शिस्त आहे.

मी एकच प्रश्न विचारते: या वर्षात तुम्ही कोणतं मत बदललंत? उत्तर चटकन आलं तर कोर्स चांगला चाललाय. उत्तरासाठी शांतता पसरली तर त्या शांततेची नोंद करते.

इथे "पिंक" हा शब्द कानावर पडेल. स्टाफ कॉलेजच्या परंपरेत सरावाच्या प्रश्नावर डीएसकडे एक अधिकृत उत्तर असतं, ते गुलाबी कागदावर यायचं, म्हणून पिंक. युद्धसरावात त्याची गरज आहे. शंभर जणांना एका पद्धतीनं आदेश लिहिता यायला हवा, नाहीतर प्रत्यक्षात गोंधळ होईल. पण पदव्युत्तर वर्गात ज्या प्रश्नाला पिंक आहे तो प्रश्न परीक्षेत घालू नये, असं माझं ठाम मत झालंय. मागच्या तुकडीचं उत्तर मिळवून पाठ करणं मग सहज शक्य होतं. प्रश्नपत्रिका मागा आणि प्रत्येक प्रश्नापुढे खूण करा: याला एकच उत्तर आहे की दोन जाणती माणसं यावर भांडू शकतात? दुसऱ्या प्रकारचे प्रश्न निम्म्याहून कमी असतील तर तो मुद्दा विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा.

भर घालण्याआधी वजाबाकी

प्रत्येक बैठकीत कुणीतरी नवा विषय घेऊन येतं. ड्रोन हवेत, सायबर हवं, कृत्रिम बुद्धिमत्ता हवी, अवकाश हवं. सगळं खरं आहे. पण थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे पंधरा तास. दोन श्रेयांकांचा नवा विषय घातला की तीस तास कुठून तरी कापावे लागतात, आणि कुणी काहीच कापलं नाही तर ते विद्यार्थ्याच्या वाचनाच्या संध्याकाळीतून कापले जातात. कागदावर मात्र कुठेच दिसत नाही. म्हणून नवा विषय सुचवणाऱ्यानं त्याच दमात काय काढायचं तेही सांगावं, असा नियम पहिल्याच बैठकीत मांडा. तुम्हीही पाळा. मी एकदा वेळमालिका विश्लेषणाचा विषय सुचवला तेव्हा माझ्याच आवडीच्या संभाव्यतेच्या प्रकरणातले दहा तास काढायला सांगितले. जीवावर आलं, पण त्यानंतर बाकीच्यांचेही प्रस्ताव आखडते झाले.

हितसंबंध लिहून द्या

तोंडी नको, लेखी द्या. तुमचं पाठ्यपुस्तक त्या अभ्यासक्रमात लागू शकतं का, तुम्ही संरक्षण साहित्य बनवणाऱ्या कंपनीला सल्ला देता का, त्यांचं सॉफ्टवेअर संस्था घेणार आहे का, नात्यातलं कुणी त्या वर्गात आहे का. असेल तर मंडळावर बसू नये असं मुळीच नाही. उद्योगातला माणूस मंडळावर हवाच, त्याला आजच्या गोष्टी माहीत असतात. फक्त तो मुद्दा आला की त्यानं बाहेर जावं आणि तशी नोंद व्हावी.

या बाबतीत अमेरिकेतली पद्धत बघण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला त्यांच्या नौदलाचं पदव्युत्तर विद्यालय आहे. सुरुवात १९०९ मध्ये ॲनापोलिसला झाली, १९५१ मध्ये ते मॉन्टेरेला गेलं. अशा संस्थांना सल्ला देणाऱ्या मंडळांना त्यांचा १९७२ चा संघराज्य सल्लागार समिती कायदा लागू होतो. मंडळाला लेखी सनद लागते, ती दर दोन वर्षांनी नव्यानं करावी लागते. सदस्यांच्या मतांमध्ये समतोल असावा असं कायदाच सांगतो. बैठकीची सूचना पंधरा दिवस आधी सरकारी राजपत्रात छापतात आणि बंद दाराआड बसायचं असेल तर त्याचं कारण द्यावं लागतं. तरीही २०२१ मध्ये त्यांच्या संरक्षण मंत्र्यांनी सगळ्या सल्लागार समित्यांचं काम थांबवून एकेकीचा नव्यानं विचार केला. आपल्याकडे सगळं तसंच्या तसं आणता येणार नाही, पण दोन वर्षांनी सनद नवी करताना "हे मंडळ का आहे" हे पुन्हा लिहावं लागतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्या मंडळातही दर दोन वर्षांनी तो एक परिच्छेद लिहायला सुचवा. मी सुचवला होता, एका ठिकाणी लिहिला गेला.

इतिवृत्त आलं की त्याच दिवशी वाचा

एका संस्थेत, नाव घेत नाही, मी परीक्षा पद्धतीवर स्पष्ट मतभेद नोंदवला होता. तीन आठवड्यांनी इतिवृत्त आलं. त्यात लिहिलं होतं, "सदस्यांनी परीक्षा पद्धतीबद्दल समाधान व्यक्त केले." कुणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. लिहिणाऱ्यानं मागच्या वर्षीचा मसुदा घेऊन तारखा बदलल्या असाव्यात. पण पुढच्या बैठकीत ते कायम झालं असतं तर माझं म्हणणं कायमचं पुसलं गेलं असतं. मी त्याच संध्याकाळी दुरुस्तीचं पत्र पाठवलं, मूळ वाक्य आणि हवं ते वाक्य समोरासमोर लिहून. दुरुस्ती झाली. तेव्हापासून बैठक संपायच्या आत माझे मुद्दे एका कागदावर लिहून सचिवांच्या हाती देते आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवते. तुम्हीही तेच करा.

इतिवृत्ताला मी एवढं महत्त्व देते त्याचं कारण फौजेच्या बदल्यांत आहे. कमांडंट दोन-तीन वर्षांत बदलतो, डीएस बदलतात, विद्यार्थी तर दरवर्षीच. ज्या ब्रिगेडियर साहेबांनी तुमचा ठराव मनापासून मान्य केला, ते पुढच्या बैठकीला दुसऱ्या राज्यात असतील. त्या खोलीत मागचं आठवणारे दोघंच असतात: नागरी ग्रंथपाल किंवा कारकून, आणि तुम्ही. म्हणून प्रत्येक ठरावापुढे हुद्दा, नाव नव्हे, आणि तारीख लिहून घ्या. पुढच्या बैठकीत पहिला विषय मागच्या ठरावांवरच्या कार्यवाहीचा असला पाहिजे, आणि तो नुसता वाचून दाखवायचा नाही, दाखवायचा. वेळापत्रक बदललं म्हणता, तर नवं वेळापत्रक टेबलावर ठेवा.

मोठ्या पातळीवरही हेच घडतं. तिन्ही दलांसाठी स्वतंत्र संरक्षण विद्यापीठ असावं हा विचार १९६७ पासून चालू आहे. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं त्यावर सविस्तर अहवाल दिला, २०१० मध्ये मंत्रिमंडळानं तत्त्वतः मान्यता दिली आणि २०१३ मध्ये हरियाणात बिनोल्याला कोनशिला बसली. एका शिफारशीला कोनशिलेपर्यंत जायला किती वर्षं लागतात बघा. तुमचा ठराव क्लच प्लेटच्या नोंदवहीएवढा लहान असला तरी त्याच्यामागे कुणीतरी दरवर्षी उभं राहावं लागतं.

मुदत संपताना

तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या बैठकीला जाताना दोन पानांचं टिपण घेऊन जा. काय सुचवलं, काय झालं, काय राहिलं आणि का राहिलं. ते अध्यक्षांना द्या आणि तुमच्या जागी येणाऱ्या सदस्याला मिळेल अशी लेखी विनंती करा. माझ्या टिपणात शेवटची ओळ परवानगीच्या अर्जांची होती: पहिल्या वर्षी २१ दिवसांत अर्ज पुढे गेले, दुसऱ्या वर्षी नवे अधिकारी आले आणि पुन्हा दोन महिने लागले, तिसऱ्या वर्षी कार्यालयीन आदेश निघाला. त्या आदेशाचा क्रमांक मी ठळक लिहून खाली दोनदा अधोरेखित केला, म्हणजे पुढच्या माणसाला तो शोधत बसावा लागणार नाही.